घरी जुळवलेल्या संगणकाचे ओव्हरक्लॉकिंग आणि मेमरीची सेटिंग्ज

प्रोसेसर किंवा मेमरी यांना निर्मात्याने निश्चित केलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. मोजक्या खर्चात सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवणाऱ्यांना या विषयाचे आकर्षण असते. महागडा भाग विकत न घेता केवळ सेटिंग बदलून वेग मिळत असेल, तर तो कोणाला नको असतो? मात्र हा वेग संपूर्णपणे फुकट मिळत नाही. त्याची किंमत वीज, उष्णता आणि स्थैर्य या तीन रूपांत मोजावी लागते.

आदिलाबाद जिल्ह्यातील वाचकांसाठी या विषयाला आणखी दोन बाजू आहेत. पहिली हवामानाची. डिसेंबर-जानेवारीत येथील पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात तो ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. जानेवारीत निर्दोष वाटलेली सेटिंग मे महिन्यात कोलमडू शकते. दुसरी बाजू अंतराची. सुट्या भागांच्या मोठ्या बाजारपेठा म्हणजे सिकंदराबादच्या पार्क लेन भागातील चेनॉय ट्रेड सेंटर किंवा नागपूरची सीताबर्डी. राष्ट्रीय महामार्ग ४४ वरील आदिलाबादहून नागपूर सुमारे २०० किलोमीटर, तर हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. एखादा भाग निकामी झाला, तर पैशाबरोबर प्रवासाचा दिवसही खर्ची पडतो. म्हणून काय वाढवावे, किती वाढवावे आणि कोठे थांबावे, हे आधी समजून घेणे श्रेयस्कर.

क्लॉक म्हणजे काय?

प्रोसेसरमधील प्रत्येक क्रिया एका ठरावीक तालावर घडते. हा ताल म्हणजे क्लॉक. आजच्या बहुतेक संगणकांत मूळ ताल १०० मेगाहर्ट्झचा असतो आणि त्याला एका गुणकाने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो. गुणक ३९ असेल तर वेग ३,९०० मेगाहर्ट्झ, म्हणजेच ३.९ गीगाहर्ट्झ. ओव्हरक्लॉकिंग करताना सामान्यतः हा गुणक वाढवला जातो. मूळ ताल वाढवल्यास त्यावर अवलंबून असलेले अन्य भागही वेगाने धावू लागतात, त्यामुळे तो मार्ग अधिक धोक्याचा मानला जातो.

एकेकाळी मात्र तोच मार्ग प्रचलित होता. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर त्याचे गाजलेले उदाहरण. त्याचा गुणक ४.५ आणि मूळ ताल ६६ मेगाहर्ट्झ होता, म्हणून वेग ३०० मेगाहर्ट्झ. मूळ ताल १०० वर नेला की हाच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने चाले आणि अनेकांच्या हाती तो त्या वेगाला बिनतक्रार टिकला. स्वस्त भागातून महागड्या भागाचे काम करून घेता येते, ही समजूत त्या काळात रुजली.

आज परिस्थिती निराळी आहे. इंटेलचे टर्बो बूस्ट आणि एएमडीचे प्रिसिजन बूस्ट या व्यवस्था तापमान व वीज यांचा अंदाज घेऊन प्रोसेसरचा वेग आपणहून वाढवतात. जी जागा पूर्वी वापरकर्त्याच्या हाती होती, तिचा मोठा भाग कारखान्यातच वापरून टाकलेला असतो. परिणामी प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकिंगमधून मिळणारा लाभ आता थोडा असतो. मेमरीची सेटिंग चुकीची राहिल्याने होणारा तोटा मात्र अनेकदा मोठा असतो.

कोणत्या भागांवर ते शक्य आहे?

इंटेलच्या प्रोसेसरपैकी ज्यांच्या नावापुढे ‘के’ हे अक्षर असते, सामान्यतः त्यांचाच गुणक मोकळा असतो. त्यासाठी ‘झेड’ मालिकेचा चिपसेट असलेला मदरबोर्डही लागतो. असे भाग कमी खर्चाच्या संगणकात क्वचितच बसतात. बी५६० आणि त्यानंतरच्या बी६६०, बी७६० या चिपसेटवर प्रोसेसर नाही, पण मेमरीचा वेग वाढवता येतो. एच६१० सारख्या प्राथमिक चिपसेटवर मेमरी अधिकृत मर्यादेपुढे नेता येत नाही.

एएमडीच्या रायझन मालिकेतील जवळजवळ सर्व डेस्कटॉप प्रोसेसरचे गुणक मोकळे असतात. बी४५० आणि बी५५० हे मध्यम किमतीचे चिपसेट ओव्हरक्लॉकिंगला परवानगी देतात. ए३२० आणि ए५२० वर प्रोसेसरचा गुणक बदलता येत नाही, तरी ए५२० वर मेमरीचा वेग वाढवता येतो. कमी खर्चात संगणक जुळवणारे अनेकजण वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेता रायझन ३ ३२००जी किंवा रायझन ५ ५६००जी असा अंगभूत ग्राफिक्सचा प्रोसेसर निवडतात. या वर्गासाठी मेमरीचे महत्त्व विशेष आहे. त्याचे कारण पुढे येईल.

वीज आणि उष्णतेचे गणित

प्रोसेसर वापरत असलेली वीज ढोबळमानाने वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवला की तो टिकवण्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागते आणि तेथेच हिशेब बिघडतो. वेग ५ टक्के आणि व्होल्टेज ८ टक्के वाढवले, तर विजेचा खप सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. पाच टक्के लाभासाठी बावीस टक्के अधिक उष्णता, असा हा सौदा आहे.

उलट दिशेचे गणितही पाहण्यासारखे आहे. वेग ५ टक्के आणि व्होल्टेज ८ टक्के कमी केले, तर विजेचा खप सुमारे २० टक्क्यांनी घटतो. उष्ण प्रदेशात हा दुसरा मार्ग पुष्कळदा अधिक लाभदायक ठरतो.

कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. तो केवळ खोलीचे तापमान आणि प्रोसेसरचे तापमान यांतील अंतर मर्यादित ठेवतो. उदाहरणादाखल, सोबत मिळालेल्या साध्या कूलरवर हे अंतर पूर्ण कामाच्या वेळी ४५ अंश आहे असे मानू. जानेवारीत खोलीत १८ अंश असतील, तर प्रोसेसर ६३ अंशांवर राहील. मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत ४० अंश असतील, तर तोच प्रोसेसर ८५ अंशांवर जाईल. आता ओव्हरक्लॉकिंगमुळे विजेचा खप २२ टक्के वाढला, तर ४५ अंशांचे अंतर सुमारे ५५ अंश होईल. जानेवारीत तापमान ७३ अंश, म्हणजे अगदी निर्धास्त. मे महिन्यात मात्र ९५ अंश. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरची कमाल मर्यादा नेमकी ९५ अंशच आहे. त्या टोकाला पोहोचल्यावर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. जो वेग वाढवण्यासाठी सर्व खटाटोप केला, तोच ऐन उन्हाळ्यात हातचा जातो.

मेमरी कशी चालते?

संगणकाच्या मुख्य मेमरीतील प्रत्येक अंक एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये विद्युतभाराच्या रूपाने साठवला जातो. त्याच्यासोबत एक ट्रान्झिस्टर असतो. आयबीएममधील शास्त्रज्ञ रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट १९६८ साली मिळाले. हा भार हळूहळू गळून जातो. म्हणून तो सतत पुन्हा भरावा लागतो. या क्रियेला रिफ्रेश म्हणतात. प्रमाणित नियमानुसार संपूर्ण मेमरी दर ६४ मिलिसेकंदांत एकदा ताजी करावी लागते आणि त्यासाठी सुमारे दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक रिफ्रेश आज्ञा दिली जाते.

उष्णता वाढली की भार अधिक वेगाने गळतो. त्यामुळे मेमरी चिपचे तापमान ८५ अंशांपुढे गेल्यास रिफ्रेश दुप्पट वेळा करावा, असा नियम आहे. मेमरीची सेटिंग्ज ताणणारे काहीजण रिफ्रेशमधील अंतर वाढवतात किंवा रिफ्रेशसाठी दिलेला वेळ कमी करतात. थंडीत हे खपून जाते. उन्हाळ्यात त्याच सेटिंगमुळे साठवलेला अंक बदलण्याची शक्यता निर्माण होते.

३२०० की १६००?

डीडीआर या संक्षेपाचा अर्थच ‘माहितीचा दुप्पट दर’ असा आहे. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवली जाते. म्हणून डीडीआर४-३२०० या मेमरीचा प्रत्यक्ष क्लॉक १६०० मेगाहर्ट्झ असतो आणि माहितीची देवाणघेवाण सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा होते. या दुसऱ्या मापाला मेगाट्रान्सफर म्हणतात. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांतील टास्क मॅनेजर हेच माप दाखवतो.

सीपीयू-झेड या लोकप्रिय प्रोग्रॅममध्ये मात्र मेमरीचा प्रत्यक्ष क्लॉक दिसतो. तेथे १६०० चा आकडा पाहून दुकानदाराने अर्ध्या वेगाची रॅम गळ्यात मारली, असा अनेकांचा ग्रह होतो. तसे नसते. तो आकडा दुप्पट करून वाचावा. परंतु ३२०० ची रॅम घेऊन सीपीयू-झेडमध्ये १२०० किंवा १३३३ दिसत असेल, तर मात्र मेमरी कमी वेगाने चालू आहे. बहुधा सेटिंग सुरू करण्याचे राहून गेलेले असते.

टायमिंग म्हणजे काय?

रॅमच्या वेष्टनावर १६-१८-१८-३८ असे चार आकडे छापलेले असतात. मेमरीतील माहिती ओळी आणि स्तंभ अशा चौकटीत मांडलेली असते. तिची तुलना आडतीच्या दुकानातील खतावण्यांच्या कपाटाशी करता येईल. हवी ती वही उघडायला लागणारा वेळ हा दुसरा आकडा. उघडलेल्या वहीतून नोंद हाती यायला लागणारा वेळ हा पहिला आकडा, ज्याला सीएल म्हणतात. दुसरी वही काढण्यापूर्वी पहिली मिटवण्याचा वेळ हा तिसरा आकडा. एकदा उघडलेली वही किमान किती वेळ उघडी ठेवावी लागते, हा चौथा.

हे आकडे सेकंदांत नसून क्लॉकच्या ठोक्यांत असतात. म्हणून केवळ सीएल पाहून मेमरीची पारख होत नाही. नॅनोसेकंदांतील खरा विलंब काढण्यासाठी सीएलला २००० ने गुणावे आणि मेमरीच्या वेगाने भागावे. काही प्रचलित मेमरींचा हिशेब असा :

- डीडीआर४-२४००, सीएल १७ : सुमारे १४.२ नॅनोसेकंद
- डीडीआर४-२६६६, सीएल १९ : सुमारे १४.३ नॅनोसेकंद
- डीडीआर४-३२००, सीएल २२ : सुमारे १३.८ नॅनोसेकंद
- डीडीआर४-३२००, सीएल १६ : १० नॅनोसेकंद
- डीडीआर४-३६००, सीएल १८ : १० नॅनोसेकंद

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ३२०० असे एकच नाव असलेल्या दोन मेमरींच्या विलंबात चांगलाच फरक असू शकतो. तसेच सीएल १६ पेक्षा सीएल १८ वाईटच, असेही नाही. वेग वाढलेला असेल तर विलंब तेवढाच राहतो.

विलंब आणि वहनक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात तासाला किती गाड्यांचे वजन होते, ही वहनक्षमता. फाटकावर आलेल्या गाडीला काट्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हा विलंब. काटे वाढवले तर अधिक गाड्या मोजल्या जातात, पण एका गाडीच्या वजनाला लागणारा वेळ त्याने कमी होत नाही.

दोन स्टिक, दोन मार्ग

मेमरीच्या प्रत्येक चॅनेलमधून एका वेळी ८ बाइट माहिती जाते. त्यामुळे डीडीआर४-३२०० च्या एका चॅनेलची वहनक्षमता सेकंदाला २५.६ गीगाबाइट आणि दोन चॅनेलची ५१.२ गीगाबाइट होते. १६ जीबीची एकच स्टिक बसवण्याऐवजी ८ जीबीच्या दोन स्टिक बसवल्या, तर क्षमता तेवढीच राहून वहनक्षमता दुप्पट होते.

अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते मुख्य मेमरीतूनच आपला वाटा घेते. म्हणून ३२००जी किंवा ५६००जी या प्रोसेसरवर खेळ चालवताना किंवा चित्रफितींचे संपादन करताना वहनक्षमतेचा परिणाम थेट जाणवतो. २४०० ची एकच स्टिक असलेल्या संगणकाची वहनक्षमता १९.२ गीगाबाइट असते. तेथे ३२०० च्या दोन स्टिक बसवल्यास ती अडीच पटींहून अधिक होते. प्रोसेसर कितीही ताणला तरी अशा संगणकात एवढा फरक पडत नाही.

चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोन स्टिक बसवताना सामान्यतः प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरावा. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे दाखवलेले असते. दोन्ही स्टिक शेजारी बसवल्या, तर त्या एकाच चॅनेलवर जाण्याची शक्यता असते आणि दुप्पट लाभ हातचा निसटतो. स्टिक शक्यतो एकाच संचातील घ्याव्यात. निरनिराळ्या स्टिक एकत्र बसवल्यास दोहोंपैकी संथ स्टिकला झेपेल तोच वेग दोघींना मिळतो. कधी कधी त्या एकमेकींशी जुळतही नाहीत.

एक्सएमपी : तयार सेटिंग

रॅमच्या प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते. ती स्टिकची माहिती मदरबोर्डला सांगते. या माहितीत जेडेक या संस्थेच्या प्रमाणांनुसार सुरक्षित वेग असतो. चढा वेग हवा असेल तर इंटेलने रूढ केलेली एक्सएमपी ही तयार सेटिंग त्याच चिपमध्ये नोंदवलेली असते. एएमडीच्या बोर्डांवर तिला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी अशी नावे आढळतात. डीडीआर५ मेमरीसाठी एएमडीने २०२२ मध्ये एक्स्पो ही स्वतःची व्यवस्था आणली.

डीडीआर४ चे प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे. एक्सएमपीमध्ये ते सहसा १.३५ असते. ही सेटिंग आपोआप सुरू होत नाही. बायोसमध्ये जाऊन ती निवडावी लागते. अनेक घरगुती संगणकांत ती वर्षानुवर्षे बंदच राहते आणि ३२०० किंवा ३६०० च्या रॅमसाठी पैसे मोजूनही संगणक २१३३ किंवा २४०० वर चालत राहतो. काही ३२०० च्या स्टिक मात्र १.२ व्होल्ट आणि सीएल २२ वर जेडेकच्या प्रमाणानुसारच चालतात. त्यांना एक्सएमपीची गरज नसते.

तयार सेटिंग म्हणजे सर्वस्वी सुरक्षित, असेही मानू नये. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. एक्स्पो सुरू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रकाला अधिक व्होल्टेज देत होते. त्यानंतर एएमडीने बायोसच्या नव्या आवृत्तीद्वारे या व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करण्यापूर्वी बायोस अद्ययावत करावे, ते यासाठीच.

क्रमाक्रमाने कसे करावे?

१. आहे त्या स्थितीची नोंद करावी. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग आणि वापरलेले स्लॉट, तर एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये पूर्ण कामाच्या वेळचे तापमान पाहून लिहून ठेवावे.

२. महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरील डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी.

३. बायोस अद्ययावत करावे. हे काम यूपीएस असल्याशिवाय करू नये. मध्येच वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

४. स्टिक योग्य स्लॉटमध्ये आहेत याची खात्री करून बायोसमध्ये एक्सएमपी सुरू करावी. इतर काहीही बदलू नये.

५. संगणक पुन्हा सुरू होताना पडदा काही काळ काळा राहू शकतो. या वेळात मदरबोर्ड मेमरीशी जुळवून घेत असतो. डीडीआर५ मध्ये पहिल्या वेळी याला काही मिनिटेही लागतात. घाईने वीज बंद करू नये.

६. संगणक सुरूच झाला नाही, तर अनेक बोर्ड काही प्रयत्नांनंतर मूळ सेटिंगवर परततात. तसे न झाल्यास वीजजोडणी काढून मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी काही मिनिटे बाजूला काढावी किंवा पुस्तिकेत दाखवलेला जंपर जोडावा. सर्व सेटिंग्ज मूळपदावर येतात.

७. संगणक सुरू झाला, पण अस्थिर असेल, तर वेग एक पायरी खाली आणावा. ३६०० टिकत नसेल तर ३४६६, तेही नसेल तर ३२००. वाढीव व्होल्टेजच्या आधाराने वेग टिकवण्यापेक्षा एक पायरी उतरणे घरगुती वापरासाठी केव्हाही हिताचे.

८. मेमरी पूर्णपणे स्थिर झाल्यावरच प्रोसेसरचा विचार करावा. दोन्ही बदल एकाच वेळी केल्यास बिघाड कोठे आहे ते उमगत नाही.

न दिसणारी चूक

प्रोसेसर अधिक ताणला गेला की संगणक बंद पडतो किंवा निळा पडदा दिसतो. दोष निदान डोळ्यांसमोर येतो. मेमरीच्या चुका मात्र पुष्कळदा मूक असतात. एखादा अंक बदलतो, संगणक चालूच राहतो आणि बदललेली माहितीच डिस्कवर साठवली जाते. काही महिन्यांनी एखादे छायाचित्र अर्धे करडे दिसते, झिप फाइल उघडत नाही, हिशेबाची फाइल खराब झाल्याचा संदेश येतो. तोपर्यंत जुन्या चांगल्या प्रतीवर खराब प्रत लिहिली गेलेली असते. साध्या डीडीआर४ मेमरीत अशी चूक ओळखण्याची सोय नाही. डीडीआर५ मधील अंतर्गत दुरुस्ती चिपपुरतीच असते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर होणाऱ्या चुकांना ती आवर घालत नाही.

म्हणून चाचणी टाळू नये. मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच संगणक सुरू करता येतो. विनामूल्य आवृत्तीत चाचणीच्या चार फेऱ्या होतात. त्या सर्व पूर्ण होऊ द्याव्यात. एकही चूक आढळली तर सेटिंग नापास समजावी. हजारांत एक चूक चालेल, असा हिशेब येथे लागू होत नाही. त्यानंतर विंडोजमध्ये ओसीसीटी किंवा प्राइम९५ यांसारख्या प्रोग्रॅमने काही तास भार द्यावा. प्राइम९५ नित्याच्या वापरापेक्षा कितीतरी अधिक उष्णता निर्माण करतो, म्हणून तो चालू असताना तापमानावर लक्ष ठेवावे.

ज्या संगणकावर विद्यार्थ्याचा प्रकल्प, दुकानाचा जीएसटी हिशेब किंवा कुटुंबाची एकमेव छायाचित्रे आहेत, त्यावर चाचणीविना कोणतीही वाढीव सेटिंग ठेवू नये.

आदिलाबादच्या उन्हाळ्यासाठी

सेटिंग कोणत्याही महिन्यात केली, तरी तिची खरी परीक्षा एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत होते. म्हणून मेमटेस्ट आणि तापमानाची नोंद एप्रिलच्या शेवटी भर दुपारी पुन्हा करावी. पूर्ण कामाच्या वेळी प्रोसेसर ८५ अंशांपुढे जात असेल, तर ओव्हरक्लॉकिंग काढून टाकावे. ५६००जी सारख्या ६५ वॉटच्या प्रोसेसरला बायोसमधून ४५ वॉटची मर्यादा घालता येते. नेहमीच्या कामात वेगातील घट फारशी जाणवत नाही, मात्र तापमान आणि पंख्याचा आवाज दोन्ही उतरतात.

कापसाच्या पट्ट्यात हवेत धुळीबरोबर बारीक तंतूही असतात. जैनथ, बेला यांसारख्या कापूस पिकवणाऱ्या मंडलांत आणि जिनिंगच्या परिसरात हे तंतू कूलरच्या पात्यांत व जाळीत बसून हवा अडवतात. दर दोन-तीन महिन्यांनी संगणक बंद करून, वीजजोडणी काढून, ब्रशने किंवा ब्लोअरने सफाई करावी. ब्लोअर वापरताना पंखा बोटाने धरून ठेवावा. थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळते. ती बदलल्यासही तापमान उतरू शकते.

पाण्याचा एअर कूलर खोलीचे तापमान कमी करतो, त्यामुळे संगणकालाही दिलासा मिळतो. मात्र त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. झोताबरोबर तुषार येतात आणि ओलाव्यामुळे धूळ घट्ट चिकटते. कॅबिनेट भिंतीला टेकवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवल्यास तप्त हवा तेथेच घुटमळते.

विजेची बाजूही तितकीच महत्त्वाची. मान्सूनपूर्व वादळांत वीज वारंवार जाते आणि व्होल्टेज खाली-वर होते. काठावर चालणारा संगणक अशा वेळी आधी बंद पडतो. ओव्हरक्लॉकिंगचा विचार करण्यापूर्वी नामांकित बनावटीचा, ८० प्लस मानांकनाचा एसएमपीएस आणि यूपीएस यांवर खर्च करावा. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ओव्हरक्लॉकिंग करूच नये.

वॉरंटी आणि आयुष्य

इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांच्या अटींनुसार ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर भाग चालवल्यास वॉरंटी रद्द होऊ शकते. मेमरीचा वेग प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपुढे नेणे हेही त्यातच मोडते, मग ती तयार एक्सएमपी का असेना. ५६००जी ची अधिकृत मर्यादा डीडीआर४-३२०० आहे, तर ३२००जी ची २९३३. या मर्यादेच्या आत राहून दोन जुळ्या स्टिक बसवल्या, तरी लाभाचा मोठा वाटा पदरात पडतो.

वाढीव व्होल्टेज आणि उष्णता यांमुळे चिपमधील सूक्ष्म वाहिन्यांची झीज लवकर होते. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर झाल्याचे प्रकरण गाजले. त्यामागे प्रमाणाबाहेरचे व्होल्टेज हे कारण निघाले आणि कंपनीला वॉरंटीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. कारखान्यातून आलेल्या सेटिंगने असे घडू शकते, तर घरी अंदाजाने वाढवलेल्या व्होल्टेजबाबत अधिक सावध राहायला हवे. घरगुती यंत्रात डीडीआर४ चे व्होल्टेज १.३५ च्या आसपासच राखणे शहाणपणाचे.

मेमरी सांभाळण्याला सध्या आणखी एक कारण आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहिती केंद्रांकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून जगभर रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. हैदराबादेत विकास केंद्र असलेल्या मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ या नावाने होणारी ग्राहकांसाठीची मेमरी विक्री थांबवण्याचे जाहीर केले. जळालेली स्टिक बदलणे पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही.

आधी काय करावे?

मर्यादित खर्चाच्या संगणकाला वेग देण्याचा क्रम पुढीलप्रमाणे लावता येईल. जुनी हार्ड डिस्क असेल तर प्रथम एसएसडी बसवावी. रोजच्या कामात ८ जीबी मेमरी भरून जात असेल तर ती १६ जीबी करावी. मेमरी अपुरी असताना तिचा वेग वाढवून उपयोग नाही. मग दोन स्टिक दोन चॅनेलवर आहेत ना, हे पाहावे. त्यानंतर एक्सएमपी सुरू करून चाचणी घ्यावी. कूलर व कॅबिनेटची हवा सुधारावी. प्रोसेसरचा गुणक वाढवणे या यादीत सर्वांत शेवटी येते आणि वातानुकूलन नसलेल्या खोलीत ते हिवाळ्यापुरतेच ठेवावे. मार्च उजाडला की बायोसमध्ये जाऊन मूळ सेटिंग परत आणायला दोन मिनिटे पुरतात.